रिसीव्हरला कोणता स्पीकर लावायचा? आधी ओहम मोजा, मग वायर जोडा

घरात स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेला डबा, आलाय पण स्पीकर इकडून तिकडून जमवलेत, एक जोडी भावाच्या जुन्या डेकची, दुसरी गोलाणी मार्केटमधून सेकंडहॅण्ड घेतलेली, आणि आता हे एकमेकांना लावलं तर चालेल की जळेल, हा प्रश्न जळगाव-धुळ्यापासून पार शहादा-नंदुरबारपर्यंत गाण्याची आवड असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. बहुतेक जण पहिले वॅट बघतात, रिसीव्हर शंभरचा आणि स्पीकर ऐंशीचा, मग फाटेल का वगैरे. वॅटचं नंतर बघू. आधी ओहम बघायचा, कारण रिसीव्हरवर किती लोड पडणार हे ओहमवर ठरतं, आणि हा हिशोब एवढा सोपा आहे की दहावीचं सायन्स आठवत असेल तर कागदावर दोन मिनिटांत होतो.

स्पीकर करंटला जो अडथळा करतो तो म्हणजे त्याचा इम्पिडन्स, आणि तो ओहममध्ये मोजतात. घरगुती स्पीकर साधारण ४, ६ किंवा ८ ओहमचे असतात. लोकांचा घोळ इथेच होतो, आकडा मोठा म्हणजे लोड मोठा असं वाटतं, पण आहे बरोबर उलटं. केळीच्या बागेत ठिबक करणाऱ्याला हे लगेच कळेल. मोटर एकच, पण जेवढे जास्त व्हॉल्व्ह उघडाल तेवढं पाणी जास्त सुटतं आणि मोटर तेवढा जास्त अँपिअर ओढते, सगळेच उघडले की स्टार्टर ट्रिप. कमी ओहमचा स्पीकर म्हणजे जास्त उघडलेला व्हॉल्व्ह.

आकड्यात बघा. समजा रिसीव्हर एका आवाजाला २० व्होल्ट देतोय. ८ ओहमचा स्पीकर असेल तर २.५ अँपिअर करंट जाईल, पॉवर झाली ५० वॅट. तिथेच ४ ओहमचा लावला तर ५ अँपिअर आणि १०० वॅट. आणि चुकून दोन ४ ओहमवाले एकत्र जोडून २ ओहम केले तर १० अँपिअर, म्हणजे २०० वॅट. व्हॉल्यूमचं बटण तुम्ही हलवलंसुद्धा नाही, पण आतल्या ट्रान्झिस्टरवरचा आणि पॉवर सप्लायवरचा लोड चौपट झाला. चांगल्या रिसीव्हरला प्रोटेक्शन असतं, तो स्वतःला कट करून घेतो. ज्याला नसतं तो जळतो.

म्हणून घरच्या ट्रान्झिस्टरवाल्या रिसीव्हरसाठी नियम एकच, स्पीकरचा ओहम रिसीव्हरवर लिहिलेल्या मिनिमम आकड्याच्या खाली जायला नको. बस. वर गेला तर काही बिघडत नाही. ८ ओहम लिहिलेल्या रिसीव्हरला १६ चा स्पीकर लावला तरी काही जळत नाही, फक्त त्याच व्हॉल्यूमला पॉवर निम्मी जाते. आकडा बरोब्बर जुळलाच पाहिजे असं काही नाही, आणि हे मी मुद्दाम ठासून सांगतोय कारण आपल्याकडे बरेच जण हे काम मंडपवाल्यांकडून, लाउडस्पीकरवाल्यांकडून शिकलेत. अहुजाच्या ॲम्प्लिफायरला मागे ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट असे वेगवेगळे टर्मिनल असतात, तिथे आउटपुटला ट्रान्सफॉर्मर आहे आणि भोंग्याचं युनिट १६ ओहमचं असेल तर १६ च्याच टर्मिनलला लावायचं हे एकदम बरोबर आहे. व्हॉल्व्हवाल्या, म्हणजे ट्यूबच्या ॲम्प्लिफायरलाही तसंच. पण तुमच्या घरच्या सोनी, यामाहा, डेनॉनच्या स्टिरिओ रिसीव्हरला असा ट्रान्सफॉर्मर नसतो, तिथे फक्त खालची मर्यादा सांभाळायची.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

पहिलं काम म्हणजे रिसीव्हर फिरवून त्याची पाठ वाचायची. स्पीकरच्या टर्मिनलजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचता येत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. स्पीकरच्या दोन जोड्यांसाठी ए आणि बी असे टर्मिनलचे दोन संच असतात, आणि तिथे साधारण असं लिहिलेलं असतं की ए किंवा बी लावले तर ४ ओहम मिनिमम, आणि ए प्लस बी दोन्ही चालवले तर ८ ओहम मिनिमम. काही मॉडेलवर ६ आणि १२ असेल, काहींवर ८ आणि १६. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या, दुसरा आकडा तर नक्कीच, का ते पुढे येईलच. तिथेच अजून एक गोष्ट बघून घ्या, सेकंडहॅण्ड घेतला असेल तर वीज किती व्होल्टची लिहिलीय. जपानमधून आलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा, तो आपल्या २३० च्या प्लगमध्ये थेट घालायचा नाही, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरं, स्पीकरची पाठ वाचा. वायर खोचायची वाटी असते तिच्याजवळ नाहीतर स्टिकरवर आकडा आणि पुढे Ω असं चिन्ह असतं, तोच ओहम. डब्यावर काहीच नसेल तर चार स्क्रू काढून वूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर, बाहेर घेतला की त्याच्या मॅग्नेटवर लिहिलेलं सापडतं, पण तो फक्त त्या वूफरचा आकडा, आख्ख्या बॉक्सचा थोडा वेगळा असू शकतो.

आणि कुठेच काही लिहिलेलं नसेल तर मल्टीमीटर काढा. इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या कुणाकडेही मिळेल. स्पीकरच्या वायरी रिसीव्हरमधून पूर्ण काढा, मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आणि आधी दोन्ही पिना एकमेकांना घट्ट टेकवा. मीटर ०.३, ०.४ असं काहीतरी दाखवेल, तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स, तो नंतर वजा करायचा. मग पिना स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावा, बारीक खर्रकन आवाज आला तर घाबरू नका, मीटरचा करंट कॉइलमधून जातोय एवढंच. आता वाचन बघा. मीटर ८ दाखवणार नाही, ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सातच्या मध्ये दिसतो, ६ वाला चार ते पाच, आणि ४ वाला तीन ते पावणेचार. कारण मीटर फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो आणि इम्पिडन्स हा गाण्याच्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे खालीवर होणारा आकडा आहे, एकच स्पीकर एका फ्रिक्वेन्सीला ६ आणि दुसरीला २५-३० ओहमसुद्धा असू शकतो. पाठीवर लिहिलेला ८ हा नॉमिनल, म्हणजे ढोबळ आकडा. स्टँडर्डप्रमाणे खरा इम्पिडन्स त्या लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली जायला नको, म्हणजे ८ वाल्याचा ६.४ आणि ४ वाल्याचा ३.२. मीटरने काहीच दाखवलं नाही, सर्किट ओपन असं आलं, तर कॉइल तुटलेली असू शकते, पण होम थिएटरच्या छोट्या सॅटेलाइट स्पीकरमध्ये कधी कधी लाइनमध्येच कॅपॅसिटर असतो त्यामुळे तो चांगला असूनही ओपन दाखवतो, तर लगेच भंगारात देऊ नका, उघडून कॅपॅसिटरच्या पलीकडून मोजा.

या छोट्या सॅटेलाइट स्पीकरबद्दल अजून सांगायचंय. डीव्हीडीसोबत जे फाइव्ह पॉइंट वनचे सेट यायचे त्यांचे स्पीकर कित्येकदा ३ ओहमचे असतात. सेट बिघडला, स्पीकर उरले, म्हणून ते उचलून दुसऱ्या रिसीव्हरला लावायचा मोह सगळ्यांना होतो. पाठ वाचल्याशिवाय लावू नका. कारच्या स्पीकरचंही तेच, ते बहुतेक ४ ओहमचे असतात आणि कारच्या सबवूफरमध्ये कधी दोन कॉइल असतात, २ अधिक २ किंवा ४ अधिक ४.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण रिसीव्हर कट होतो तो बहुतेक इथे. एका चॅनलला एकापेक्षा जास्त स्पीकर.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं, एक जोडी पुढच्या खोलीत वाजतेय आणि दुसरी ओट्यावर काढलीय, रिसीव्हरवर ए आणि बी दोन्ही दाबलेत, गाणी सकाळपासून चालू आहेत. दोन-तीन तासांनी टक्क असा आवाज येतो आणि सगळं गप्प. काय व्हयनं भो, म्हणत सगळे रिसीव्हरभोवती जमतात. काही झालेलं नसतं, बहुतेक रिसीव्हरमध्ये ए आणि बी आतून पॅरलल जोडलेले असतात, दोन्ही जोड्या ६ ओहमच्या होत्या, एकत्र झाल्या ३ ओहम, आणि पाठीवर लिहिलं होतं की दोन्ही चालवायचे तर प्रत्येक स्पीकर किमान ८ चा पाहिजे. म्हणून तो दुसरा आकडा लिहून घ्यायला सांगितलं होतं.

पॅरललचा हिशोब असा. दोन सारखे असतील तर निम्मं करायचं, ८ आणि ८ चे ४, ६ आणि ६ चे ३, ४ आणि ४ चे २. वेगळे असतील तर दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज, म्हणजे ८ आणि ४ असतील तर ३२ भागिले १२, साधारण २.७. उत्तर नेहमी लहान आकड्यापेक्षाही लहान येतं हे डोक्यात ठेवा, म्हणजे चूक लगेच पकडता येते. फक्त पाठीवरच्या ए प्लस बी च्या आकड्यात ही निम्मेवारी आधीच धरलेली असते, तो आकडा प्रत्येक स्पीकरचा असतो, तिथे परत भागाकार करू नका. सिरीजमध्ये नुसती बेरीज, ४ अधिक ४ म्हणजे ८. सिरीज म्हणजे रिसीव्हरच्या लालपासून पहिल्या स्पीकरच्या लालला, पहिल्याच्या काळ्यापासून दुसऱ्याच्या लालला, आणि दुसऱ्याच्या काळ्यापासून परत रिसीव्हरच्या काळ्याला. हे डाव्या चॅनलचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं, दोन चॅनलच्या वायरी कधीही एकत्र करायच्या नाहीत. आणि सिरीज करायची तर एकाच मॉडेलच्या दोन स्पीकरची करा, वेगवेगळे जोडले तर दोघांत आवाज वाकडातिकडा वाटला जातो, एकाचा बेस बदलतो, दुसरा दबतो.

काही थोडे रिसीव्हर असे आहेत की ए आणि बी दोन्ही दाबले की ते आतूनच सिरीज करतात. ओळखायची खूण म्हणजे एकच जोडी लावलेली असताना दोन्ही बटणं दाबली की आवाज पूर्ण बंद होतो. असा असेल तर ओहम कमी होण्याची काळजी नाही, पण मॅन्युअल एकदा बघून खात्री करा.

मग स्पीकर कमी ओहमचेच असले तर काय करायचं, फेकायचे का? नाही. रिसीव्हर ६ चा आणि स्पीकर ४ चे, एकच जोडी, खोली लहान, व्हॉल्यूम मध्यम, अशा वेळी बरेच रिसीव्हर निमूटपणे वाजतात, कारण साध्या ऐकण्याला एखाद-दोन वॅटच लागतो, पण ती तुमची जबाबदारी, कंपनीची नाही, आणि लग्नाच्या घरात दिवसभर फुल व्हॉल्यूमला तर अजिबात नको. यामाहाच्या काही रिसीव्हरना मागे स्विच किंवा मेनूत ८ आणि कमी ओहमची सेटिंग असते, कमी ओहमला ठेवलं की रिसीव्हरची जास्तीत जास्त पॉवर कमी होते आणि तो कमी तापतो. मॅन्युअल सांगतं तसं ठेवा आणि तो स्विच रिसीव्हर चालू असताना कधीच हलवू नका. जास्त खोल्यांत स्पीकर पाहिजे असतील तर इम्पिडन्स सांभाळणारा स्पीकर सिलेक्टर बॉक्स मिळतो, तो घ्या.

एक उपाय दुकानात सर्रास सांगतात, ४ ओहमच्या स्पीकरला सिरीजमध्ये ४ ओहमचा मोठा सिरॅमिक रेझिस्टर लावा म्हणजे झाला ८. मला हा उपाय पटत नाही. रिसीव्हर वाचतो हे खरं, पण निम्म्याच्या आसपास पॉवर त्या रेझिस्टरमध्ये नुसती गरम होऊन जाते आणि रिसीव्हरची वूफरवरची पकड ढिली पडते, बेस गुबगुबीत होतो. चांगला स्पीकर घेऊन त्याचा आवाज असा घालवण्यापेक्षा व्हॉल्यूम थोडा कमी ठेवलेला बरा.

वायर. इथे लोक एक तर काहीच बघत नाहीत नाहीतर नको तितका खर्च करतात. साधा हिशोब, जाण्या-येण्याच्या वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत पाहिजे. १० मीटर लांबपर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर नेली तर जाऊन-येऊन साधारण ०.२७ ओहम होतो, ८ च्या स्पीकरला एकदम ठीक, ४ वाल्याला किंचित जास्त, त्याला २.५ स्क्वेअर घ्या. ती पातळ ०.५ ची वायर मात्र तेवढ्याच अंतराला पाऊण ओहमच्या वर जाते, ती एक-दोन मीटरपुरतीच. आणि तांबं आहे का ते बघून घ्या, एक तार ब्लेडने खरवडली आणि वरची लालसर झिलई जाऊन आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, तशी वायर एक साइज जाड घ्यावी लागते.

जोडताना रिसीव्हर बंद आणि प्लग भिंतीतून बाहेर. वायरीचं टोक सेंटिमीटरभर सोला, तारा घट्ट पिळा, आणि एकही केसासारखी तार शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही हे टॉर्च लावून बघा, कारण लाल-काळ्याचा शॉर्ट म्हणजे शून्य ओहम, त्याच्यापुढे ४ का ८ या चर्चेला काही अर्थच नाही. लाल लालला, काळी काळीला, दोन्ही स्पीकरना सारखं. स्पीकरवर रंग उडाले असतील तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, वूफरचा पडदा बाहेर आला तर सेलचं प्लस जिथे आहे ते स्पीकरचं प्लस. एकच स्पीकर उलटा लागला तर काही जळत नाही, पण बेस गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध येत नाही.

मग व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा, रिलेची, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचची, टक्क येऊ द्या, हळूहळू वाढवा. चालू झाल्या झाल्या कट झाला तर शॉर्ट शोधा. अर्ध्या-एक तासाने, तेही मोठ्या आवाजातच कट होत असेल तर ओहम कमी पडतोय किंवा हवा मिळत नाहीये. कमी आवाजातही कट होत असेल आणि स्पीकर काढून ठेवले तरी होत असेल तर बिघाड रिसीव्हरमध्ये आहे, मेकॅनिककडे न्या, परत परत चालू करून बघू नका.

वॅटचं म्हटलं होतं ना. रिसीव्हर १०० चा आणि स्पीकर ८० चा असेल तर चिंता नको, आवाज फाटायच्या आधी थांबा एवढंच. छोट्या रिसीव्हरला शेवटपर्यंत पिळून आवाज फाटवला की उलट ट्विटर, म्हणजे बारीक आवाज वाजवणारे छोटे स्पीकर, आधी जातात. डब्यावरचे पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीपुरते फुगवलेले, हजारो वॅट वाचूच नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी पॉवर, लिहिलेलं असेल तेवढंच धरा. आणि आवाज मोठा पाहिजे असेल तर वॅटपेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक पॉवरला तो किती मोठा वाजतो ते, बघा, ८६ डीबीच्या जागी ८९ डीबीचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट लागतात, म्हणजे रिसीव्हरवरचा लोडही निम्मा.

आपल्याकडच्या असेंबल ॲम्प्लिफायरबद्दल वेगळं सांगतो, ५२००-१९४३ या नंबरच्या ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावून जे बनवून देतात ते. वाजतात जोरदार, पण बऱ्याचशा सेटला प्रोटेक्शनचा रिलेच नसतो, आणि ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये जाऊन स्पीकरही जातो. बनवणाऱ्याला सरळ विचारा, किती ओहमसाठी बनवलाय आणि प्रोटेक्शन टाकलंय का, नसेल तर टाकून घ्या. उत्तर मिळत नसेल तर ८ ओहमच्या खाली जाऊ नका. क्लास डीच्या, म्हणजे कमी तापणाऱ्या डिजिटल धाटणीच्या ॲम्प्लिफायरच्या, छोट्या चिनी बोर्डांवर तर दोन्ही चॅनलच्या काळ्या वायरी एकत्र करायच्याच नाहीत, त्यांतल्या बऱ्याच बोर्डांचा मायनस हा ग्राउंड नसतो.

राहिली गरमी. कित्येक रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये ३५ किंवा ४० डिग्रीपर्यंतच्या खोलीतच चालवा असं लिहिलेलं असतं, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. म्हणजे थंड गावात जो ४ ओहमचा स्पीकर तोच रिसीव्हर सहज चालवेल, तो इथे दुपारी दोन वाजता कट होऊ शकतो. म्हणून आपल्याकडे उन्हाळा धरूनच स्पीकर निवडा, शक्य असेल तर ८ ओहमचेच घ्या. रिसीव्हर टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नका, वर किमान वीतभर जागा मोकळी ठेवा, जाळीवर कपडा, डीव्हीडी, देवाचा फोटो काही नको. कूलरची हवा मात्र थेट त्याच्यावर सोडू नका, त्या हवेत ओल असते आणि ती आत टर्मिनलवर, रिलेवर बसते, त्यापेक्षा बाजूने साधा टेबलफॅन लावा. धूळ महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने, प्लग काढून.